शिक्षकांचें यंत्रशिक्षण

संगणक सर्व जगांत एकच. मग तो शिक्षकांस शिकविण्याची रीतही सर्वत्र एकच असावी, असें पुष्कळांस वाटतें. परंतु यंत्र हातीं येण्यापूर्वींच शिक्षकाच्या मनांत त्याच्या समाजाचे संस्कार ठाण मांडून बसलेले असतात.

आपल्या सातारा-सांगलीकडचें उदाहरण घ्या. खेड्यांत गुरुजी म्हणजे सर्व कांहीं जाणणारी व्यक्ति. अशा गुरुजींना, ज्यास आपण बाराखडी शिकविली त्याच तरुण सहकाऱ्यास 'हें कसें करावयाचें रे?' असें चारचौघांत विचारणें जड जातें. प्रशिक्षणांत माना डोलतात, प्रश्न निघत नाहींत, आणि शाळेंत परतल्यावर यंत्र कपाटांत जातें. यांत आळस नाहीं, लाज आहे.

त्यांत परीक्षेचें वेड आमचें जुनेंच. २००१ सालीं महाराष्ट्रांत एम्.एस्.सी.आय्.टी. हा अभ्यासक्रम निघाला व पुढें तें प्रमाणपत्र शिक्षकांसही आवश्यक ठरलें. त्यानें अनेकांची संगणकाविषयींची भीति घालविली, हें मान्य केलेंच पाहिजे. पण प्रमाणपत्र मिळालें कीं शिकणें संपलें, ही समजूतही बळावली. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, मोबाइलवरून पाठ घेण्याची वेळ आली, आणि त्या समजुतीची किंमत मुलांनीं मोजली.

जपानांत तऱ्हा निराळी. तेथें 'जुग्यो केन्क्यू' ही एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा आहे. शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण तो शिकवितो, बाकीचे मागें राहून मुलांकडे पाहतात व नंतर चर्चा करतात. दोष निघतो तो सर्वांनीं आखलेल्या पाठाचा, माणसाचा नव्हे. २०१९ सालीं तेथील सरकारनें प्रत्येक मुलास एकेक यंत्र देण्याची योजना काढली, तेव्हां ही जुनी बैठक तयारच होती.

मग जपानची नक्कल करावी काय? मला तसें वाटत नाहीं. भाऊराव पाटलांनीं १९३५ सालीं साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठीं अध्यापक विद्यालय काढलें. 'कमवा आणि शिका' हें त्यांचें सूत्र. त्यांच्या वसतिगृहांत नाना जातींचीं मुलें एकत्र राहात व राबत. कुदळ कशी धरावी हें सोबत्यास विचारण्यांत कोणास कमीपणा वाटतो? ती मोकळीक आपल्याच मातींतली आहे.

आजही केंद्रांतील शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेस एकत्र जमतात. तेथें परिपत्रकांचें वाचन थोडें आवरून एखाद्यानें मुलांपुढें संगणकावर पाठ घ्यावा, आणि निवृत्तीस आलेल्या गुरुजींनीं शेजारच्या तरुण बाईंना 'जरा दाखवा पाहूं' म्हणावें. आरंभ केंद्रप्रमुखांनीं स्वतः करावा. ते अडखळले तर उत्तमच.