तळाच्या चिपलाही चीज

लोडेड नाचोजचा ट्रे टेबलावर येतो तेव्हा पहिली पाच मिनिटं सगळे खूश असतात. चीजमध्ये न्हालेले वरचे चिप्स बघता बघता फस्त होतात. मग मधोमध टोमॅटोच्या पाण्याने भिजून मऊ पडलेला ढीग उरतो आणि तळाशी काहीच न लागलेले कोरडे चिप्स. उशिरा हात घालणाऱ्याच्या वाट्याला तेवढंच येतं. दहा-बारा जणांसाठी नाचोज करताना खरी कसोटी लागते ती इथे. चीज आणि मसाला जमला तरी थर चुकले की ट्रे फसतो.

ज्याने हा पदार्थ पहिल्यांदा केला, त्याच्यापुढे ही अडचणच नव्हती. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे. नदीपलीकडे टेक्सासमधलं ईगल पास. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला, महायुद्धाच्या काळात, पलीकडून आलेल्या काही अमेरिकी बायका इथल्या ‘व्हिक्टरी क्लब’ या रेस्टॉरंटमध्ये खायला बसल्या. आचारी जागेवर नव्हता. पाहुण्यांची व्यवस्था बघणारे इग्नासिओ अनाया स्वतःच स्वयंपाकघरात शिरले. हाताशी होते मक्याच्या टॉर्टियाचे तळलेले तुकडे, चीज आणि लोणच्यातली हालापेन्यो मिरची. त्यांनी एकेका तुकड्यावर किसलेलं चीज घातलं, ते आचेखाली वितळवलं आणि वर मिरचीची चकती ठेवली. इग्नासिओ नावाच्या माणसाला मेक्सिकोत लाडाने ‘नाचो’ म्हणतात, त्यामुळे बशीचं नावही तेच पडलं.

या मूळ बशीत प्रत्येक चिपला तिच्या वाटणीचं चीज आणि मिरची मिळालेली होती. कोरडी चिप उरण्याचा प्रश्नच नव्हता. 1949 साली टेक्सासच्या पाककृतींच्या एका पुस्तकात ही कृती छापून आली आणि पदार्थ गावाबाहेर पोचला. अनाया यांनी पुढे पिएद्रास नेग्रासमध्येच ‘एल नाचो’ नावाचं स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. 1975 मध्ये ते वारले. आजही ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गावात नाचोजचा उत्सव भरतो.

गर्दीसाठीचे नाचोज आले ते दुसऱ्या वाटेने. सॅन अँटोनिओचे व्यापारी फ्रँक लिबर्टो यांनी 1976 मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टन स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्यांना नाचोज विकायला आणले. दोन डावांच्या मधल्या वेळात हजारो माणसं एकदम काउंटरवर येतात. तिथे एकेका चिपवर चीज वितळवत बसायला कोणाला वेळ आहे? लिबर्टो यांनी वेगळा वितळवावा न लागणारा, पातळच राहणारा चीज सॉस आणला. चिप्स पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भरायचे, वर पळीभर सॉस आणि हालापेन्यो घालायची, की गिऱ्हाईक मोकळं. 1978 मध्ये फुटबॉल सामन्याच्या टीव्ही प्रक्षेपणात समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी नाचोजचा उल्लेख केला आणि हे नाव अमेरिकेत घरोघरी गेलं. पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नशेजारी विकले जातात, ते याच वंशातले.

त्या सॉसमागचं रसायन घरातही उपयोगी पडतं. साधं चीज तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि तूप सुटावं तसं तेल वेगळं होतं. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. ते चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात, म्हणून असं चीज एकजीव वितळतं. आपल्याकडच्या बहुतेक क्यूब आणि स्लाइस याच प्रकारच्या. चव मात्र चेडरची चांगली. फार मुरलेलं चेडर लवकर फुटतं, तेव्हा कोवळं घ्यावं. अमेरिकेत असाल तर माँटेरे जॅक उत्तम. नुसतं मोझरेला घेतलं तर लांबच लांब तारा सुटतात आणि एक चिप उचलताना शेजारच्या चारही ओढल्या जातात. अर्धं चेडर, अर्धं मोझरेला हा इथे मिळणाऱ्या जिनसांतला उत्तम मेळ. आणि चीज घरीच किसावं. पाकिटातला तयार कीस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे तो नीट वितळत नाही.

चिप्सची निवड याहून महत्त्वाची. खऱ्या टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात. साल सुटते, दाणा मऊ होतो आणि दळल्यावर पिठाला असा चिकटपणा येतो की पातळ टॉर्टिया न तुटता लाटता किंवा दाबता येते. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं तेही या प्रक्रियेमुळेच. मेक्सिकोतल्या लोकांना ही रीत हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. ती मागे ठेवून नुसता मका युरोपात गेला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनअभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासलं. ट्रेसाठी जाड, साधे मिठाचे चिप्स आणावेत. मसाला लावलेले चिप्स नुसते खायला छान, पण वर इतकं सगळं येणार असताना त्यांची चव आड येते. पातळ चिप्स तर भार आला की मोडतात.

आता ट्रे. खोल भांडं नको. ओव्हनचा सपाट, पसरट ट्रे घ्यावा. आठ-दहा जणांना साधारण 400 ग्रॅम चिप्स आणि तितकंच चीज लागतं. निम्मे चिप्स एकमेकांवर जेमतेम चढतील असे पसरावेत आणि निम्मं चीज थेट त्यांच्यावर, कडेपर्यंत भुरभुरावं. चिपला पहिला स्पर्श चीजचाच व्हायला हवा, कारण वितळलेल्या चीजचा थर खालच्या चिपला ओलाव्यापासून वाचवतो. त्यावर राजमा: उकडून निथळलेला, कांदा-लसूण-जिऱ्यावर परतून अर्धवट ठेचलेला, कढईची कड सोडेल इतका कोरडा. खिमा घालायचा तर तोही तसाच सुका. मग उरलेले चिप्स, उरलेलं चीज आणि थोडा राजमा. दोनच थर. तिसरा लावला की मधल्या चिप्सपर्यंत आच पोचत नाही.

200 अंशांवर आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटं पुरतात. कडेचं चीज बुडबुडायला लागलं आणि चिप्सची टोकं किंचित तांबूस झाली की ट्रे बाहेर काढावा. मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळतं, पण वाफ चिप्समध्येच जिरते आणि ते वातड होतात. झाकण ठेवून तव्यावर केले तरी तेच, कारण झाकणावरचं पाणी परत खाली ठिबकतं.

थंड आणि ओलं सगळं ओव्हननंतर. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचा रस घालून केलेलं पिको दे गायो दिसायला आपल्या कोशिंबिरीसारखंच असतं. टोमॅटोच्या बिया काढून, फोडींना मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत निथळू द्याव्यात. खाली वाटीत साठलेलं पाणी बघितलं की कळतं, एवढं सगळं चिप्समध्ये गेलं असतं. घुसळलेलं घट्ट दही किंवा सावर क्रीम चमच्याने थेंब थेंब सोडावं, नाहीतर बाजूला वाटीत ठेवावं. एवोकॅडोचं ग्वाकामोलेही वाटीतच बरं. लोणच्यातली हालापेन्यो मिळाली नाही तर हिरव्या मिरचीच्या चकत्या व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेत तासभर मुरवून चालतात.

पाहुणे वीस असतील तर एकच प्रचंड ढीग रचण्यापेक्षा दोन ट्रे वीस मिनिटांच्या अंतराने काढावेत, दुसरा पहिला संपत आल्यावरच ओव्हनमध्ये सारावा. नाचोज थांबत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत चीज घट्ट होतं. एका ट्रेमध्ये खिमा आणि एकात नुसता राजमा ठेवला की शाकाहारी मंडळींची सोयही वेगळी करावी लागत नाही.

इतकं करूनही चार-दोन मूठ मऊ पडलेले चिप्स उरलेच, तर ते फेकू नयेत. मेक्सिकोत टॉर्टियाचे तळलेले तुकडे टोमॅटोच्या किंवा हिरव्या साल्सात घोळवून, वर चीज आणि बऱ्याचदा अंडं घालून सकाळी नाश्त्याला खातात. त्याला चिलाकिलेस म्हणतात, आणि त्यात चिप्स मऊ झालेलेच लागतात.