श्रम आणि आरोग्य (लेखांक ६) : यंत्राची थरथर, बोटांचा बधिरपणा

ग्राइंडर, ब्रेकर, जॅकहॅमर, चेनसॉ ही यंत्रे हातात घट्ट धरूनच चालवावी लागतात. त्यामुळे त्यांची थरथर मुठीतून बोटांत, तळहातात आणि पुढे मनगट-कोपरापर्यंत पोचते. ती रोज काही तास, वर्षानुवर्षे सोसावी लागली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना, मज्जातंतूंना आणि स्नायू-सांध्यांना इजा होते. या सगळ्या इजांना मिळून ‘हँड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम’ म्हणजे हस्त-बाहू कंपनविकार असे नाव आहे.

इटलीतील वैद्य जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ मध्ये हवेच्या दाबावर चालणारी अवजारे वापरणाऱ्या खाणकामगारांमधील हा विकार नोंदवला. १९१८ मध्ये अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कारागिरांची तपासणी केली. थंडीच्या सकाळी या कारागिरांची बोटे पांढरीफटक आणि बधीर होत. ज्या डाव्या हातात छिन्नी धरलेली असे, त्याच हाताला त्रास अधिक होता. साठ वर्षांनी त्याच गावात पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही बहुतेक कारागिरांत हाच विकार आढळला. मधल्या काळात हवेच्या हातोड्याचे तंत्र फारसे बदलले नव्हते.

बोटे पांढरी पडतात ती रक्तवाहिन्यांच्या आकुंचनामुळे. सततच्या कंपनाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते आणि त्या सैल पडण्याची क्षमता कमी होते. वाहिन्यांच्या भिंतीही हळूहळू जाड होतात. अशा बोटांना गारठा लागला की वाहिन्या एकदम आवळल्या जातात आणि रक्त पुढे जात नाही. टोकापासून बोट पांढरे पडते. ऊब मिळाल्यावर रक्त परतते, तेव्हा बोट लाल होऊन ठणकते. तंबाखूतील निकोटिनही वाहिन्या आकुंचित करते, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला हा त्रास वाढतो.

मज्जातंतूंची इजा वेगळ्या वाटेने होते. आधी मुंग्या, मग बधिरपणा, पुढे बोटांना बारीक वस्तू न जाणवणे असा तिचा क्रम असतो. शर्टाचे बटण लावणे, बोल्टवर नट बसवणे, नाणे उचलणे अवघड होते. मुठीची पकड कमजोर होते. मनगटातील मज्जातंतू दाबला जाऊन हाताला रात्री मुंग्या येतात, हा ‘कार्पल टनेल’चा त्रासही अशा कामगारांत अधिक आढळतो.

या दोन वाटांमधला फरक उष्ण प्रदेशांत फार महत्त्वाचा ठरतो. पांढरी बोटे ही थंड देशांत ठळक दिसणारी खूण आहे. उष्ण हवामानात ती क्वचित दिसते आणि बधिरपणा व मुंग्याच पुढे येतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतीव भागांच्या कडा ग्राइंडरने घासून साफ करणाऱ्या, म्हणजे फेटलिंग करणाऱ्या कामगाराची बोटे पांढरी पडली नाहीत, म्हणून त्याला हा विकार नाही असे ठरत नाही. १९८६ मध्ये ठरलेल्या स्टॉकहोम मोजपट्टीतही रक्तवाहिन्यांचे आणि संवेदनेचे टप्पे वेगवेगळे मांडले आहेत, तेही प्रत्येक हाताचे स्वतंत्रपणे.

धोका किती, हे दोन गोष्टींवर ठरते : थरथरीची तीव्रता आणि हात प्रत्यक्ष यंत्रावर असण्याचा वेळ. तीव्रता मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ झाली की मालकाने उपाय सुरू केले पाहिजेत, आणि ५ ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे. हे गणित वर्गाच्या पटीत चालते. १० तीव्रतेचे यंत्र अर्ध्या तासात पहिली पातळी गाठते आणि दोन तासांत मर्यादा. तेच यंत्र ५ वर आणले, तर हे वेळ दोन तास आणि आठ तास होतात. म्हणजे थरथर निम्मी झाली की वेळ चौपट मिळतो.

म्हणूनच प्रतिबंधाचा पहिला उपाय यंत्रावर करायचा असतो. फिनलंडमधील सुओमुसाल्मी भागात कंपनरोधक चेनसॉ आल्यावर लाकूडतोड्यांमधील पांढऱ्या बोटांचे प्रमाण १९७२ मधील ४० टक्क्यांवरून १९९० पर्यंत ५ टक्क्यांवर आले. छिन्नीला धार ठेवणे, झिजलेले बेअरिंग व ग्राइंडरची असमतोल चाके वेळेवर बदलणे, मूठ विनाकारण आवळून न धरणे आणि काम आळीपाळीने वाटून घेणे, हे उपाय कमी खर्चाचे आहेत. कंपनरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर मात्र विसंबता येत नाही; मंद गतीची थरथर ते फारशी अडवत नाहीत. हात उबदार ठेवणे हा त्यांचा खरा उपयोग.

विकार लवकर ओळखून थरथरीचे काम थांबवले, तर रक्तवाहिन्यांचा त्रास हळूहळू कमी होऊ शकतो. मज्जातंतूंची जुनी इजा बहुधा भरून येत नाही. त्यामुळे कामगाराच्या आरोग्य तपासणीत बोटांच्या रंगाइतकाच दुसराही प्रश्न विचारावा लागतो : यंत्र बंद केल्यावर बोटांतल्या मुंग्या किती वेळ टिकतात? त्या वीस मिनिटांहून अधिक टिकत असतील, तर त्याची पुढील तपासणी व्हायला हवी.