पासष्टच्या पुढचा लाल रंग

सकाळी ८:३०. पावसाच्या मोजणीचे चोवीस तास संपले. आता महसूल मंडळनिहाय आकड्यांच्या दोन एक्सेल फायली येतील, लातूरच्या १० तालुक्यांची एक आणि नांदेडच्या १६ तालुक्यांची दुसरी. शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडेल अशा वेब पानावर त्या चढवणं हे माझं काम.

१०:००. नांदेडच्या फायलीत 'मुखेड' तालुका एका उभ्या मर्ज केलेल्या सेलमध्ये, त्यापुढे त्याची मंडळं: मुक्रमाबाद, जाहूर, येवती, बाऱ्हाळी. नुसत्या व्हॅल्यू पेस्ट केल्या तर तालुका पहिल्या ओळीपुरता उरतो आणि खालची मंडळं पोरकी होतात. म्हणून पानावर तालुक्याचा सेल तितक्या ओळींवर ताणणारा 'रोस्पॅन' द्यायचा, तोही ओळी मोजून. एक ओळ गाळली आणि रोस्पॅनचा आकडा तसाच राहिला, की खालचं देगलूर एक घर उजवीकडे सरकतं: मंडळाच्या रकान्यात तालुका, पावसाच्या रकान्यात मंडळ आणि पाऊस तक्त्याबाहेर.

११:००. आता रंग. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पंचनाम्याची बोलणी या आकड्यापासून सुरू होतात. एक्सेलमध्ये तो सेल नियमाने आपोआप लाल होतो. व्हॅल्यू पेस्ट केल्या की नियम फायलीतच राहतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून हेच झालं. एका शेतकऱ्याचा फोन आला, "ताई, आमचं मंडळ बसलं नाही का?" आकडा पानावर होता, ७१.३. पण त्यांची नजर लाल शोधत होती. त्यांनी अर्धा दिवस काळजीत काढला, याची मला आजही बोच आहे. तेव्हापासून रंगाशेजारी 'अतिवृष्टी' हा शब्दही लिहिते. ग्रामपंचायतीच्या फलकावर काळीपांढरी प्रिंट लागते. तिथे लाल राखाडी होतो, शब्द मात्र वाचता येतो.

१२:३०. सरासरी एक्सेलमध्ये ४१.३ दिसते, पानावर ४१.२८५७१४ उतरते. गोल केली. त्याहून नाजूक गोष्ट आडव्या रेघेची. अकाउंटिंग फॉरमॅट शून्याच्या जागी रेघ दाखवतो. आमच्या तक्त्यात रेघ म्हणजे नोंदच आली नाही. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, यांत शेतकऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळी शून्यं '०.०' करून घेतली, एकेक ओळ मूळ फायलीशी ताडून.

२:००. जेवण, मग स्वस्तातल्या मोबाइलवर पान उघडून पाहिलं. तालुक्याचा रकाना डावीकडे जागेवर थांबतो, बाकीचे सरकतात.

५:१५. सकाळी रेघ असलेल्या एका मंडळाची नोंद आली: ६८.४. आकडा भरला, सेल लाल केला, शब्द लिहिला आणि तिथल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना फोन लावला, सकाळची प्रिंट काढून नवी लावा म्हणून.