गाजरगवत फुललं की…

पाऊस सरता सरता माळावर गाजरगवत पांढरंशुभ्र फुलतं आणि माझ्या शिंका सुरू होतात. त्याच्या परागकणांनी अनेकांना ॲलर्जी होते. माझा सगळ्यात जास्त भरवसा जलनेतीवर! उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, चहाचा सपाट चमचाभर मीठ. नाकातले परागकण धुऊन निघतात. नळाचं कच्चं पाणी मात्र कधीच नको.

कफ दाटला तर अडुळसा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला असतोच. त्यातल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध घडलं. शिंका अडुळशाने थांबतील असं नाही. गरोदरपणी तो टाळाच. आणि धाप लागली, छाती वाजू लागली, तर काढा उकळत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.