न्यायाधीश घडतो कसा? निःपक्षपातीपणाचं शिक्षण आणि आपण

ऑगस्ट १८९७. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होता आणि ते तुरुंगात होते. जामिनाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. पुन्हा अर्ज आला तो मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे. सरकार इंग्रजांचं, आरोपी सरकारच्या डोळ्यात खुपणारा. शिवाय टिळकांचं राजकारण आणि तय्यबजींचं राजकारण यांचा सूर एक नव्हता. तरीही तय्यबजींनी जामीन मंजूर केला. त्या अर्जावर टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर पुढे स्वतः न्यायाधीश झाले. १९०८ मध्ये टिळकांना जामीन नाकारून सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती तेच.

खुर्ची तीच, कायदाही साधारण तोच. मग फरक कुठे पडला? या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात पूर्ण सापडत नाही. म्हणून आज जगभर न्यायाधीशांना कायद्याबरोबर वर्तन, नीतिमत्ता आणि स्वातंत्र्य यांचंही प्रशिक्षण दिलं जातं. हे प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय आणि आपल्या घरांशी त्याचा काय संबंध, ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

प्रशिक्षण कुठे होतं?

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे आपण ज्याला बोलताना ‘जेएमएफसी’ म्हणतो, ते पद स्पर्धा परीक्षेतून भरलं जातं. निवड झालेल्यांना भाईंदरजवळच्या उत्तन इथल्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत शिकवलं जातं. देशपातळीवर भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. तिथे आधीपासून खुर्चीवर असलेले न्यायाधीशही येतात.

सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात दोन गोष्टी सांगितल्या. या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षं वकिलीचा अनुभव हवा आणि नेमणूक झाल्यावर कोर्ट सांभाळण्याआधी एक वर्षाचं प्रशिक्षण हवं. यामागचा विचार साधा आहे. काल परीक्षा पास झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात आज कोणाचं तरी स्वातंत्र्य, कोणाचं घर, कोणाची पोटगी येते. त्याआधी कोर्ट आतून कसं चालतं ते त्यांनी पाहिलेलं असावं.

आणखी एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. हे शिक्षण देणारी संस्था कोणाच्या हाताखाली आहे? राज्याची अकादमी हायकोर्टाच्या देखरेखीखाली चालते. भोपाळच्या अकादमीचे प्रमुख देशाचे सरन्यायाधीश असतात. संविधानाच्या कलम २३५ नुसार खालच्या न्यायाधीशांची बदली, बढती, रजा यांवरचं नियंत्रणही हायकोर्टाकडेच आहे. न्यायाधीशाने कसं वागावं हे मंत्रालयाने शिकवायला सुरुवात केली, तर सरकारविरुद्धचा खटला सरकारच्याच विद्यार्थ्यापुढे चालेल.

शिकवतात काय?

या विषयाचा जगभर मानला जाणारा पाया म्हणजे ‘बंगळुरू तत्त्वं’. २००१ मध्ये बंगळुरूला वेगवेगळ्या देशांच्या वरिष्ठ न्यायाधीशांनी मसुदा केला आणि २००२ मध्ये हेग इथे त्याला अंतिम रूप आलं. त्यात सहा मूल्यं आहेत: स्वातंत्र्य, निःपक्षपातीपणा, सचोटी, औचित्य, समानता आणि सक्षमता व तत्परता. आपल्या सुप्रीम कोर्टाने त्याआधीच, ७ मे १९९७ रोजी, न्यायिक जीवनमूल्यांची सोळा कलमी संहिता मंजूर केली होती. घरातली व्यक्ती वकील असेल तर तिला आपल्यापुढे उभं राहू देऊ नये. नातेवाईक-मित्रांचा खटला ऐकू नये. नातलग आणि जवळचे मित्र सोडून कोणाकडून भेटवस्तू किंवा पाहुणचार घेऊ नये. राजकीय वादांवर जाहीर मत मांडू नये. निकालानेच बोलावं. अशा गोष्टी त्यात आहेत.

आपल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. इस्लामी परंपरेत ‘अदब अल-काझी’ नावाची ग्रंथांची एक स्वतंत्र शाखाच आहे. नवव्या शतकातले बगदादचे फकीह अल-खस्साफ यांनी या विषयावर लिहिलं. काझीने रागात असताना निवाडा करू नये, दोन्ही पक्षांना सारखं बसवावं, एकाकडे पाहून हसू नये, पक्षकाराची भेट घेऊ नये, ही शिकवण तिथे आहे. न्याय देणाऱ्याला आधी स्वतःला आवरावं लागतं, हे शहाणपण नवं नाही.

पाठांतराने भागत नाही

मूल्यांची यादी तासाभरात पाठ होते. अडचण येते ती प्रत्यक्षात. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात प्रसंग देऊन चर्चा करतात. काही प्रसंग आपणही मनात धरून पाहू.

समजा, तालुक्याच्या गावी नवीन न्यायाधीश आले. कॉलेजातला जुना दोस्त तिथेच वकिली करतो. त्याच्या बहिणीच्या लग्नाला जायचं का? गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच केस बोर्डावर असेल, तर समोरच्या पक्षकाराला काय वाटेल? निकाल अगदी बरोबर दिला तरी त्याच्या मनातली शंका जाईल का?

समजा, दंगलीच्या गुन्ह्यात पकडलेल्या पोरांचा जामीन अर्ज आहे. बाहेर घोषणा चालू आहेत, मोबाईलवर अर्धवट व्हिडिओ फिरतायत. कागदावर मात्र त्या पोरांविरुद्ध काही ठोस नाही. जामीन दिला तर उद्या वर्तमानपत्रात नाव येईल, नाही दिला तर कोणी विचारणार नाही. स्वातंत्र्य म्हणजे फक्त सरकारपासून स्वातंत्र्य नाही. गर्दीपासून, बातम्यांपासून, वरिष्ठांच्या नाराजीच्या भीतीपासूनही ते असावं लागतं.

आणि सर्वात अवघड प्रसंग: न्यायाधीश पैसे घेत नाही, कोणाला घाबरत नाही, पण बुरखा किंवा दाढी पाहिली की त्याच्या मनात काहीतरी आधीच ठरलेलं असतं. त्याला स्वतःलाही ते कळत नाही. लाच घेणाऱ्याला निदान आपण चूक करतोय हे ठाऊक असतं. पूर्वग्रह असलेला माणूस स्वतःला प्रामाणिक समजत असतो. म्हणून त्याला आरसा दाखवावा लागतो, आणि प्रशिक्षणाची खरी गरज इथेच आहे.

ही नुसती कल्पना नाही. २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टात सुनावणी चालू असताना बंगळुरूच्या एका मुस्लिमबहुल वस्तीला न्यायमूर्तींनी ‘पाकिस्तान’ म्हटलं. व्हिडिओ पसरला. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. त्या न्यायमूर्तींनी भर कोर्टात खेद व्यक्त केला आणि सप्टेंबरअखेर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रकरण मिटवलं. ते मिटवताना त्यांनी बजावलं की भारताच्या कोणत्याही भागाला कोणी असं म्हणू शकत नाही आणि न्यायाधीशाने स्वतःच्या मनाचे कल ओळखायला हवेत.

दुसरं उदाहरण. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला २०२० मध्ये जामीन देताना हायकोर्टाने अट घातली की त्याने फिर्यादी बाईकडून राखी बांधून घ्यावी. १८ मार्च २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द केली. अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी कोणती भाषा टाळावी ते सांगितलं आणि स्त्रियांविषयीच्या संवेदनशीलतेचा विषय न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात घ्यायला सांगितलं. म्हणजे चूक एका आदेशात झाली, पण धडा सगळ्यांसाठी झाला. हेच व्हायला हवं.

प्रशिक्षणाने सगळं सुटतं का?

नाही, आणि तसं आम्ही सांगणारही नाही. ज्याला शिकायचंच नाही त्याला आठवडाभराच्या व्याख्यानांनी काय फरक पडणार? नेमणुका पारदर्शक हव्यात, गैरवर्तनाची चौकशी वेळेत हवी, आणि न्यायपीठावर समाजाच्या सगळ्या थरांतली माणसं दिसायला हवीत. वेगवेगळ्या घरांतले सहकारी सोबत असले की वर्गात न शिकलेल्या बऱ्याच गोष्टी चहाच्या टेबलावर शिकता येतात. पण प्रशिक्षणाचा एक फायदा नक्की आहे. ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब उरत नाही.

आपण काय करायचं?

पहिलं, निकाल विरोधात गेला म्हणजे न्यायाधीश पक्षपाती, असं लगेच म्हणू नये. निकाल चुकीचा वाटला तर अपील हा रस्ता आहे. वागणूक चुकीची असेल तर रस्ता वेगळा: प्रमुख जिल्हा न्यायाधीश किंवा हायकोर्टाकडे लेखी तक्रार. तिच्याबरोबर शपथपत्र आणि तपासता येईल असा पुरावा जोडावा. तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर असलेले लोक, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. नुसत्या रागाच्या पत्राचं काही होत नाही. या कोर्टात न्याय मिळणार नाही अशी सकारण भीती असेल तर खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. दिवाणी दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४ आहे आणि फौजदारी कायद्यातही तशी सोय आहे. वकिलांशी बोलूनच हे पाऊल उचलावं.

दुसरं, फेसबुकवर न्यायाधीशाच्या नावाने शिव्या घालून काही मिळत नाही. कोर्टाचा अवमान अंगाशी येतो आणि मूळ तक्रारही हलकी होते.

तिसरं आपल्याला जरा टोचणारं आहे. घरात कोर्टाचं काम निघालं की पहिला प्रश्न काय येतो? “साहेबांपर्यंत कोणी ओळखीचं आहे का?” चाचा, मामू, कोणाचा तरी शिरस्तेदार दोस्त, सगळ्यांना फोन जातात. दुसऱ्याने असं केलं की आपण त्याला अन्याय म्हणतो. आपण केलं की ती ओळख होते. न्यायाधीशाने ताठ राहावं असं वाटत असेल तर त्याला वाकवायला जाणारं माणूस आपल्या घरचं नसावं.

चौथं, कायदा शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना या परीक्षेचा रस्ता दाखवा. वकिलीची तीन वर्षं वाया गेली असं समजू नका, तीच तयारी आहे. मात्र ‘आपला माणूस खुर्चीवर बसला, आता आपली कामं होतील’ या आशेने पाठवू नका. तय्यबजींचं नाव आज आदराने घेतलं जातं ते त्यांनी आपल्या माणसांची कामं केली म्हणून नाही. समोर उभा असलेला आरोपी आपल्या गटातला नसतानाही त्यांनी फक्त कायदा पाहिला, म्हणून ते नाव टिकलं. आपल्या घरातून न्यायाधीश व्हावा तर असा व्हावा, आणि आपल्या खटल्यात समोर बसावा तोही असाच, मग त्याचं आडनाव काहीही असो.