सृष्टिवादाकडून उत्क्रांतीकडे

बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकातील कथा शब्दशः इतिहास आहे, म्हणजे पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच असून प्रत्येक प्रकारचे जीव ईश्वराने स्वतंत्रपणे घडवले, असे मानणाऱ्या मताला सृष्टिवाद म्हणतात. जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस यांनी १९६१ मध्ये ‘द जेनेसिस फ्लड’ या ग्रंथातून त्याला भूविज्ञानाची परिभाषा दिली आणि जीवाश्म, म्हणजे खडकांत टिकलेले प्राचीन जीवांचे अवशेष, बहुतांशी बायबलमधील नोहाच्या काळातील एकाच जलप्रलयात गाडले गेले, असे प्रतिपादन केले. उत्तर अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत हे मत मुलांना धर्मशिक्षणातूनच मिळते. त्यामुळे खडकांविषयीची शंका पुढे आईवडिलांच्या शब्दावर, चर्चच्या अधिकारावर आणि स्वतःच्या उद्धारावर येऊन ठेपते.

कॅनडातील पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन गॉडफ्री यांची जडणघडण अशाच घरात झाली. संशोधक विद्यार्थी असताना कॅन्सासमधील खडकांत त्यांना प्राचीन प्राण्यांच्या पाऊलखुणा अभ्यासायला मिळाल्या. पाऊलखूण टिकण्यासाठी ओला गाळ उघडा पडावा लागतो, त्यावरून जिवंत प्राणी चालून जावा लागतो आणि ठसा पुसला जाण्याआधी त्यावर नवा थर हळुवार बसावा लागतो. परंतु त्या थरांच्या खाली आणि वर गाळाचेच खडक होते. ते सारे एकाच महापुरात साचले असतील, तर सर्व भूमी पाण्याखाली असताना हे प्राणी चालले कोठे, या प्रश्नाला प्रलयाच्या सिद्धांतात उत्तर नव्हते. गॉडफ्री यांचे मत एका दिवसात पालटले नाही. अशा विसंगती साचत गेल्या, तसतसे ते आधी पृथ्वीचे प्राचीनत्व आणि नंतर उत्क्रांती, म्हणजे सामाईक पूर्वजांपासून पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाऊन नव्या जीवजाती निर्माण होण्याची प्रक्रिया, स्वीकारत गेले.

त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही. २००५ मध्ये त्यांनी धर्मोपदेशक असलेले आपले मेहुणे ख्रिस्तोफर स्मिथ यांच्यासह ‘पॅराडाइम्स ऑन पिल्ग्रिमेज’ हे पुस्तक लिहिले. स्मिथ उत्क्रांती स्वीकारण्याच्या याच निष्कर्षाकडे बायबलच्या संहितेच्या सूक्ष्म वाचनातून आले होते. उत्क्रांती मान्य केली तर देवही जातो आणि माणसेही दुरावतात, ही भीती अनेकांना पुराव्यापर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून अशा वातावरणात वाढलेल्यांची थट्टा करण्यापेक्षा त्यांना खडक स्वतः तपासू देणे आणि त्या वाटेवर त्यांच्या सोबत राहणे, हेच विज्ञानशिक्षणाचे खरे काम आहे.