महापालिकेचा संगणक विभाग : अंदाजपत्रक आणि मनुष्यबळ यांचा एक विचार

प्रस्तावना

नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांची चर्चा आपल्याकडे बहुधा घटनात्मक स्थान, निवडणुकीचे राजकारण आणि कररचना या तीन अंगांनी होते. १ जून १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी दिली, आणि त्या अनुषंगाने विपुल लेखन झाले. परंतु ही कामे ज्या यंत्रणेच्या आधारे रोज चालतात त्या यंत्रणेकडे, म्हणजे महापालिकेच्या संगणक विभागाकडे, अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. मालमत्ता कराचे बिल, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी, तक्रार नोंदणी, ठेकेदारांची देयके आणि कर्मचाऱ्यांचे वेतन ही सर्व कामे आज संगणकप्रणालीवर अवलंबून आहेत. ती एक दिवस बंद पडली तरी नागरी सुविधा केंद्रासमोर रांग लागते आणि तिजोरीतील भरणा थांबतो.

या विभागासंबंधी दोन तक्रारी सर्वत्र ऐकू येतात : पैसा पुरत नाही आणि माणसे नाहीत. या तक्रारी स्वतंत्र मानल्या जातात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची रचनाच अशी आहे की, यंत्र विकत घेणे सोपे, कंत्राट देणे त्याहून सोपे आणि जाणकार माणूस सेवेत ठेवणे सर्वांत अवघड होऊन बसते.

संगणकीकरणाचा प्रवास

राज्यातील मोठ्या महापालिकांत संगणक प्रथम आला तो लेखा विभागाच्या आश्रयाने. वेतनपत्रके आणि कराची बिले छापणे हे त्याचे काम. ई.डी.पी. हे नाव अनेक ठिकाणी पदनामांत अजूनही टिकून आहे ते त्या काळाची खूण म्हणून. शतकाच्या वळणावर कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र आणि त्यामागील विभागांची जोडणी यांचा जो प्रयोग केला, तो राज्यात नमुना ठरला आणि इतर नागरी संस्थांत त्याच धर्तीवर प्रणाली नेण्याचे शासनाने ठरवले.

खरी सक्ती मात्र ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने आणली. केंद्राचा निधी हवा असेल तर ई-प्रशासन आणि द्विनोंदी लेखापद्धती या सुधारणा स्वीकारणे बंधनकारक झाले. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक मालमत्तेचा घसारा आणि प्रत्येक येणे-देणे नोंदवावे लागते. इतका व्याप हाताने सांभाळणे कोणत्याही मोठ्या शहराला शक्य नव्हते. त्यामुळे संगणकप्रणाली ही चैन न राहता लेख्यांची अट बनली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अभियानाचा पैसा प्रकल्पासाठी होता. प्रकल्प संपल्यावर तो सांभाळणाऱ्या माणसाचे वेतन कोणत्या लेखाशीर्षाखाली पडेल, हा प्रश्न महापालिकेवरच सोडण्यात आला.

अंदाजपत्रकातील जागा

आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात आणि तेथून ते महासभेपुढे जाते. खर्चाची ढोबळ विभागणी महसुली आणि भांडवली अशी असते. सर्व्हर, संगणक, केबलचे जाळे आणि प्रणालीचा परवाना हा भांडवली खर्च होय. वार्षिक देखभाल करार, इंटरनेटचे भाडे, सुटे भाग आणि वेतन हा महसुली खर्च. भांडवली कामाला नाव असते, उद्घाटन असते आणि पुष्कळदा बाहेरचे अनुदानही असते. देखभालीला यांपैकी काहीच नसते.

संगणकाच्या बाबतीत हा भेद विशेष फसवा ठरतो. रस्ता किंवा जलवाहिनी एकदा बांधली की काही वर्षे तरी दुर्लक्ष सहन करते. प्रणाली तेवढे करीत नाही. व्यापारी प्रणालींच्या देखभालीचा वार्षिक आकार परवान्याच्या किमतीच्या साधारण १५ ते २० टक्के असतो. समजा, एखाद्या महापालिकेने ५ कोटी रुपयांची प्रणाली घेतली आणि देखभालीचा दर २० टक्के ठरला, तर दरवर्षी १ कोटी रुपये द्यावे लागतील आणि पाच वर्षांत मूळ किमतीइतकी रक्कम पुन्हा खर्च होईल. त्याच सुमारास सर्व्हर बदलण्याची वेळ येते. म्हणजे महासभेने मंजूर केलेला ५ कोटींचा आकडा हा खऱ्या खर्चाचा निम्माही नसतो. मंजुरीच्या गोषवाऱ्यात हा पुढील खर्च लिहिण्याची पद्धत बहुधा नसते. सहाव्या वर्षी तो अचानक उद्भवल्यासारखा वाटतो आणि मग वर्गीकरण करून, म्हणजे दुसऱ्या लेखाशीर्षातील रक्कम वळवून, मार्चअखेरीस वेळ भागवली जाते.

स्मार्ट सिटी अभियानाने हाच प्रश्न अधिक मोठ्या आकारात उभा केला. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या या अभियानात देशातील शंभर शहरे होती, त्यांत महाराष्ट्रातील आठ. प्रत्येक शहरासाठी केंद्राकडून ५०० कोटी रुपयांपर्यंतच्या साहाय्याची आणि तेवढ्याच राज्य व स्थानिक हिश्श्याची कल्पना होती. कॅमेरे, संवेदक, नियंत्रण कक्ष उभे राहिले. ३१ मार्च २०२५ रोजी अभियान संपले. स्वतंत्र कंपनीच्या नावे उभारलेली ही सामग्री चालवण्याचा भार ज्या महापालिकांवर येतो, त्यांचे उत्पन्नाचे हमखास साधन असलेली जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर हे दोन्ही तोपर्यंत इतिहासजमा झाले होते आणि वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या रकमेवर त्यांची भिस्त होती. देखभालीचा खर्च वाढत असता उत्पन्नाचा मुख्य स्रोत आपल्या हाती नसणे, ही स्थिती कोणत्याही लेखाधिकाऱ्याला अस्वस्थ करणारी आहे.

आकृतिबंध आणि ३५ टक्क्यांची मर्यादा

आता माणसांचा प्रश्न. महापालिकेत पद निर्माण करणे हा आयुक्तांच्या एकट्याच्या अधिकारातील विषय नाही. विभागाचा आकृतिबंध ठरवायचा, महासभेचा ठराव करायचा, शासनाच्या नगरविकास विभागाची मंजुरी मिळवायची, सेवा प्रवेश नियम मंजूर करून घ्यायचे, बिंदुनामावली तपासून घ्यायची आणि त्यानंतर जाहिरात काढायची, असा हा मार्ग आहे. प्रत्येक टप्प्यामागे रास्त कारण आहे. मनमानी भरतीला आळा घालण्यासाठीच ही व्यवस्था झाली. परंतु तिचा वेग आणि तंत्रज्ञानाचा वेग यांचा मेळ बसत नाही. सेवा प्रवेश नियमांत लिहिलेली अर्हता पद भरले जाईपर्यंत जुनी झालेली असते.

त्याहून मोठा अडसर आहे आस्थापना खर्चाचा. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक नसावा, असा शासनाचा दंडक आहे आणि ही मर्यादा ओलांडलेल्या संस्थेला नवी पदे भरणे कठीण होते. हेतू आर्थिक शिस्तीचा असला तरी परिणाम चमत्कारिक होतो. सेवेतील अभियंत्याचे वेतन आस्थापना खर्चात मोजले जाते. कंत्राटदाराने पाठवलेल्या अभियंत्यासाठी दिलेले देयक सामान्यतः त्यात धरले जात नाही. तेव्हा तेच काम अधिक पैसे देऊन बाहेरून करून घेतले तरी कागदावर संस्था काटकसरी दिसते. नियमाने खर्च कमी झाला नाही, त्याने फक्त लेखाशीर्ष बदलले, असे म्हणावे लागते.

नगरपरिषदांसाठी राज्याने वेगळी वाट काढली. तेथे राज्यस्तरीय संवर्ग असून त्यांत संगणक अभियांत्रिकी सेवेचाही समावेश आहे. जुलै २०२३ मध्ये या संवर्गांतील गट क च्या एकूण १,७८२ पदांची जाहिरात निघाली. त्यांत कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची पदे ५७९, स्थापत्य अभियंत्यांची ३९१ आणि संगणक अभियंत्यांची अवघी ४५ होती. कर आकारणी संगणकावर होते आणि बांधकामाचे नकाशे संगणकावर तपासले जातात, हे ध्यानात घेतल्यास या प्रमाणावर भाष्य करण्याची गरज राहत नाही. तरीही बदलीयोग्य संवर्ग असणे ही जमेची बाजू होय, कारण लहान शहरात अशा अभियंत्याला पदोन्नतीची शिडी एरवी मिळतच नाही.

प्रत्यक्षात पोकळी भरली जाते ती कार्यभारांनी. विद्युत विभागातील कनिष्ठ अभियंता किंवा संगणकाची आवड असलेला लिपिक यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार सोपवला जातो. अशा व्यक्तींनी कित्येक संस्था निष्ठेने सांभाळल्या आहेत. पण त्यांची बदली झाली की पासवर्डांपासून करारांच्या मुदतींपर्यंतची सारी माहिती त्यांच्यासोबत जाते.

कंत्राट : काय द्यावे आणि काय देऊ नये

कंत्राट मुळात वाईट नाही. संगणकांची दुरुस्ती, माहितीची नोंद, मदत कक्ष, प्रणालीची उभारणी ही कामे बाहेरून करून घेण्यात काही गैर नाही. धोका तेव्हा निर्माण होतो, जेव्हा काम तपासण्याचे कौशल्यही बाहेरूनच आणले जाते. न्यूयॉर्क शहराचा अनुभव या संदर्भात बोधक आहे. कर्मचाऱ्यांची हजेरी आणि वेतन यांसाठी तेथे ‘सिटीटाइम’ नावाची प्रणाली १९९८ मध्ये सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलरच्या अंदाजाने हाती घेण्यात आली. प्रत्यक्षात ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. कंत्राटदारावर देखरेख करण्यासाठी शहराने गुणवत्ता तपासणीचे सल्लागार नेमले होते; त्या सल्लागारांपैकीच एक मुख्य व्यक्ती लाच प्रकरणात दोषी ठरली आणि २०१४ मध्ये तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. मुख्य कंत्राटदार कंपनीने २०१२ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. जगातील अतिशय श्रीमंत महापालिकांपैकी एक असूनही स्वतःच्या सेवेतील जाणकारांअभावी तिला देयकांतील फुगवटा वर्षानुवर्षे उमगला नाही.

आपल्याकडे नुकसान इतके नाट्यमय नसते; ते झिरपत राहते. करार संपतो, नवा कंत्राटदार येतो आणि जुन्या प्रणालीतील थकबाकीचा इतिहास नव्या प्रणालीत कसा न्यायचा हे ठाऊक असलेला कोणी महापालिकेत नसतो. मालमत्ताधारकाने भरलेली रक्कम पुन्हा थकीत दिसू लागते आणि तो पावत्या घेऊन खेटे घालतो. डाटाबेसची रचना, सोर्स कोडचा हक्क आणि सर्व्हरचा सर्वोच्च प्रवेशाधिकार या तीन गोष्टी महापालिकेच्या ताब्यात नसतील, तर पुढील निविदा ही नावापुरतीच स्पर्धा असते.

सुरक्षेची नवी जबाबदारी

मनुष्यबळाच्या प्रश्नाला अलीकडच्या कायद्यांनी निकडीचे रूप दिले आहे. संगणकीय आणीबाणीसाठीच्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत असून, वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची त्यात तरतूद आहे. रात्री अकरा वाजता सर्व्हरवर हल्ला झाला, तर पहाटे पाचच्या आत तो ओळखून कळवणार कोण? अतिरिक्त कार्यभार असलेला लिपिक हे करू शकेल, अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या संगणकांवर ७ मे २०१९ रोजी खंडणीखोरांचा हल्ला झाला. मागितलेली खंडणी सुमारे ७६ हजार डॉलर होती. शहराने ती दिली नाही, परंतु प्रणाली पूर्ववत करणे आणि बुडालेला वा लांबलेला महसूल मिळून सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलरचा भार शहराने अंदाजला. पाणीबिले काही काळ निघू शकली नाहीत. पिंपरी-चिंचवड येथेही २०२१ च्या आरंभी स्मार्ट सिटी प्रकल्पाचे सर्व्हर अशाच हल्ल्याला बळी पडले होते. म्हणजे हा धोका केवळ परदेशी नाही.

किमान किती माणसे?

सर्व कामे स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून करून घेणे आता कोणत्याच महापालिकेला परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. मध्यम आकाराच्या शहराला कायम सेवेत हवीत ती मोजकी माणसे : प्रणालीची एकूण रचना समजणारा प्रमुख, डाटाबेस सांभाळणारा, सुरक्षेची जबाबदारी पेलणारा आणि करार वाचून देयक तपासणारा. यांपैकी शेवटचे पद बहुतेक आकृतिबंधांत सापडतच नाही, वास्तविक त्याचेच वेतन सर्वांत लवकर वसूल होते. या पदांना ३५ टक्क्यांच्या गणनेतून वगळण्याचा विचार शासनाने करावयास हवा. किंवा, अधिक प्रामाणिक मार्ग म्हणजे, कंत्राटी मनुष्यबळाचा खर्चही त्याच गणनेत धरावा. तसे झाल्यास कोणता मार्ग खरोखर स्वस्त आहे हे महासभेला समोरासमोर दिसेल.

अंदाजपत्रकात करता येण्याजोगा बदल त्याहून साधा आहे. प्रत्येक संगणकीय खरेदीच्या प्रस्तावासोबत सात वर्षांचा देखभाल खर्च आणि तो सांभाळणाऱ्या पदाचे नाव लिहिलेले असावे. पद रिक्त असेल तर तसे नमूद असावे. आणि निविदेच्या अटींत अखेरच्या देयकाचा काही भाग राखून ठेवावा : सर्व माहिती महापालिकेच्या सर्व्हरवर उतरवून, महापालिकेच्याच अभियंत्याने ती नव्याने सुरू करून पाहिल्याखेरीज तो अदा होऊ नये. अर्थात, त्यासाठी तो अभियंता आधी सेवेत असावा लागतो.